न दुखणारा पाय

केळी रचण्यावरून

मला परदेशात पकडलं ते केळ्यांमुळे. देशाचं नाव लिहीत नाही. तिथल्या सरकारकडे माझी तक्रार अजून चालू आहे आणि आमच्या वकीलबाईंनी बजावलंय की काका, नावं सोडून काय हवं ते लिहा. म्हणून नावं सोडून सगळं लिहितो आहे. ज्यांच्या घरात कुणाला शुगर आहे, किंवा ज्यांचं कुणी व्हिसाच्या भानगडीत परक्या देशात अडकलंय, त्यांनी हे वाचावं. बाकीच्यांनीही वाचावं, कारण शेवट चांगला आहे. हे आधीच सांगून टाकतो. लोकांना टांगून ठेवणं मला आवडत नाही, कारण मला बरंच टांगून ठेवलं गेलं.

मी बुऱ्हाणपूरचा केळीचा व्यापारी. वडील कागदाच्या कारखान्यात मजूर होते. मी मिसरूड फुटायच्या आत केळीचे घड ट्रकमध्ये चढवायला लागलो आणि आज माझी स्वतःची केळी पिकवायची खोली आहे, थंड हवेची, यंत्राची. मधलं सगळं मी घासाघीस करून मिळवलंय. एकदा सौदा सुरू झाला की मला भूक लागत नाही, आणि कुणी मला बनवतोय असं वाटलं की माझा आवाज आपोआप चढतो. मंडीतून पार गावातल्या शनवारा पेठेपर्यंत ऐकू जातो म्हणतात. लोक वाढवून सांगतात.

तिकडे स्थायिक झालेल्या एका देशी व्यापाऱ्याला आपली केळी हवी होती. त्याने बोलावलं, मी फिरायच्या व्हिसावर गेलो. त्याचं गोदाम पाहिलं आणि माझं डोकं फिरलं. खोकी अशी दाबून रचलेली की खालच्या फण्या चेमटून काळ्या पडलेल्या. मी त्या पोरांना सांगून पाहिलं. ती हसली. मग मी कोट काढला, त्यांचाच एक ॲप्रन अंगावर चढवला आणि खोकी स्वतः रचायला लागलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, कारण पहिल्या दिवशी अर्धंच झालं होतं. नेमके तेव्हाच व्हिसा तपासणारे लोक आत शिरले.

"इथं काम करता?" एका साहेबाने विचारलं.

"काम नाही. मला राग आलाय."

त्याला कळलं नाही. माझ्या हातात खोकं, अंगात ॲप्रन. त्याच्या दृष्टीने मी विनापरवाना मजूर. त्याने एक कागद पुढे केला. त्यात लिहिलं होतं की मी बेकायदा नोकरी केली हे मला मान्य आहे. सही केली तर पुढच्या विमानाने घरी. नाही केली तर चौकशी होईपर्यंत आत.

मी म्हटलं, "नोकरी? माझ्या हाताखाली माणसं नोकरी करतात. मी सही करणार नाही."

आणि मी आत गेलो.

कुलूप बाहेरून

त्या जागेला ते तुरुंग म्हणत नाहीत. आम्हीही कैदी नव्हतो. पण कुलूप बाहेरून होतं, आणि सकाळ-संध्याकाळ आमची डोकी मोजली जायची. मोठं दालन, दोन-दोन मजली पलंग, एक टीव्ही, भिंतीवर फोन. पायात घालायला सगळ्यांना सारख्या प्लॅस्टिकच्या चपला. माझा पाय रुंद आहे. मी मोठी जोडी मागितली. मिळेल म्हणाले. अजून मिळायची आहे.

माझ्या शुगरच्या गोळ्या बॅगेत होत्या आणि बॅग सील झाली. "डॉक्टर तपासून नव्या देतील," असं सांगितलं गेलं. डॉक्टर आठवड्यात कधीतरी यायचा आणि पुढे मोठी रांग असायची. नव्या गोळ्या मिळाल्या खऱ्या, पण तोपर्यंत मी पांढरा पाव आणि गोड सरबत यांच्यावरच होतो. सकाळी केळंही मिळायचं. पहिल्या दिवशी मी ते हातात घेऊन पाहिलं. फार कोवळं काढलेलं, घाईत पिकवलेलं. मी ते शेजारच्या पलंगावरच्या रफिकला दिलं आणि वर म्हटलं, "असला माल आमच्याकडे म्हशीसुद्धा हुंगून सोडतात."

रफिकने ते खाल्लं आणि म्हणाला, "चाचा, आप का म्हैस बहुत बड़ा घर का है."

रफिक सिल्हेटकडचा, हॉटेलात भांडी घासणारा. त्याची हिंदी बंगालीच्या अंगाने जायची, माझी मराठीच्या. मधे कुठेतरी आमची गाठ पडायची. वरच्या पलंगावर जोसेफ होता, आफ्रिकेतला शाळामास्तर. उंच, गंभीर, आणि इंग्रजी असं बोलायचा की पहारेकरीही उभे राहून ऐकायचे. हे दोघं नसते तर मी आज हे लिहायला नसतो. हे मी मनापासून लिहितो आहे, आणि मनापासून कुणाचं कौतुक करायची मला सवय नाही.

घरी फोन करता यायचा. सुनंदा, माझी बायको, पहिल्या फोनपासून एकच सांगत होती. "अहो, करून टाका ना ती सही. कोण वाचणार आहे तिथं? तुम्ही घरी या."

"मी वाचलं ना. मी नोकर नाही."

मागून निलेशचा, आमच्या मुलाचा, आवाज यायचा. "पप्पा, ईगो की बात मत करो ना यार. साइन करा अन् या. धंदा मी एकटा नाही सांभाळू शकत. लोग मुझे फोन पे ही लूट रहे हैं."

"तूच लुटवून घेतो आहेस," मी म्हणायचो, आणि तेवढ्यात फोनची वेळ संपायची.

शून्य ते दहा

उजव्या पायाच्या करंगळीला चपलेने फोड आला. तसा तो काही मोठा नव्हता. दुखतही नव्हता. दालनाच्या टोकाला औषधाची खिडकी होती. आत एक सिस्टर, मधे जाड काच, खाली हात जाईल एवढी फट. मी फोड दाखवायला गेलो.

सिस्टरने काचेला एक कार्ड लावलं. त्यावर तोंडं काढलेली होती. पहिलं हसरं, शेवटचं रडकं, खाली शून्यापासून दहापर्यंत आकडे. "दुखतं किती?"

मी खरं सांगितलं. "शून्य."

"मग पुढचा," ती म्हणाली.

मला दुभाषी हवा का असं तिने विचारलं होतं. फोनवर हिंदीचा माणूस मिळायचा. मी म्हटलं, मला इंग्रजी येतं. माझं इंग्रजी म्हणजे भाव, वजन आणि गाडी नंबर. त्यात करंगळी बसत नव्हती. वाचणाऱ्यांनो, दुभाषी मिळत असेल तर घ्या. फुकट असतो, आणि फुकट मिळणारी गोष्ट मी सोडली ही माझ्या धंद्याला काळिमा फासणारी गोष्ट आहे.

दोन-तीन दिवसांत फोड फुटला, कडेने काळं दिसायला लागलं आणि पायाचा वरचा भाग सुजला. दुखणं मात्र नाहीच. रफिकने पाय पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "चाचा, आप दस बोलो. दस नहीं बोलने से डॉक्टर नहीं मिलता."

मी खिडकीवर गेलो. कार्ड पुन्हा वर आलं.

"दहा," मी म्हटलं.

सिस्टरने डोळे बारीक केले. "दहा?"

तो आवाज मी आयुष्यभर ऐकत आलोय. मंडीत समोरच्याने तसा आवाज काढला की समजायचं, आपण फार वर गेलो, आता थोडं खाली यायचं.

"आठ," मी म्हटलं.

तिने कार्ड खाली घेतलं नाही.

"बरं, सात. सातच्या खाली नाही परवडत."

मागे रांगेत जोसेफ उभा होता. त्याने डोळ्यांवर हात घेतला. सिस्टरच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. तिच्यासमोर रोज खोटं सांगणारे येत असणार आणि मी त्यांच्यातला सगळ्यात कच्चा होतो. तिने एकीऐवजी दोन पॅरासिटामॉल दिल्या. त्या सौद्यात माझा एवढाच नफा झाला.

आता मी डॉक्टरांकडून शिकलोय ते इथंच सांगतो. शुगर जुनी असली की पायाच्या नसा बधिर होतात. पाय सडतो आणि मालकाला खबर लागत नाही. दुखत नाही हीच वाईट बातमी असते. त्या कार्डावर हे सांगणारं तोंड काढलेलं नव्हतं. तुम्ही कुठल्याही खिडकीवर उभे असाल तर आकड्याच्या नादी लागू नका. पहिला शब्द "शुगर" म्हणा, दुसरा "जखम" म्हणा, आणि पाय वर करून दाखवा.

वास

मग एका दुपारी मला वास आला.

केळी पिकवायच्या खोलीत एखादी फणी आतून गेली की दार उघडताच कळतं. गोडसर, जड, नाकात बसणारा वास. मी पलंगावर बसून मोजा काढला आणि तोच वास आला. मी इकडेतिकडे पाहिलं. कुणी केळं टाकलंय का म्हणून गादीखालीही पाहिलं. आणि मग मुकाट बसून राहिलो, कारण गादीखाली काही नव्हतं.

त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरलो. ताप चढला होता, अंगात हीव भरत होतं. पाय जाणार असं वाटायला लागलं. एका पायाचा व्यापारी म्हणजे खुर्चीवर बसून मुलाला शिव्या देणारा म्हातारा. मंडीत घडांच्या ओळींमधून फिरत, बोटाने साल दाबत, ओरडत चालणं हेच तर माझं जगणं आहे.

घरी फोनवर मी म्हटलं, सगळं ठीक. रफिकने माझ्या हातातून फोन घेतला. "भाई, चाचा झूठ बोलता. चाचा का पैर सड़ गया."

मी फोन परत ओढून घेतला. मग सुनंदाचा आवाज आला, अगदी हळू. "किती काळं आहे?"

"करंगळी. थोडं वर."

"तुमची ती सही पायापेक्षा मोठी आहे का हो?"

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. तिने फोन ठेवला. आमच्या संसारात तिने फोन आधी ठेवण्याची ती पहिलीच वेळ.

रागाने मी चौकशीला आत आलेल्या त्या सहीवाल्या साहेबाला गाठलं आणि विचारलं, आता सही केली तर? तो म्हणाला, विमानात बसायला डॉक्टरचा दाखला लागेल. आणि डॉक्टर? डॉक्टरसाठी खिडकीवर जा. म्हणजे सही करूनही मी त्याच काचेसमोर येणार होतो.

लिलाव बंद

त्या संध्याकाळी बाकावर बसून मी जोसेफला माझ्या मोडक्या इंग्रजीत एक गोष्ट सांगायचा प्रयत्न केला. घासाघिशीत माणसाजवळ हत्यार एकच असतं. उठून चालू लागायचं. भाव पटला नाही की पाठ फिरवायची, चार पावलं टाकायची, मागून हाक येतेच. आयुष्यभर मी असा उठत आलो. "इथं मी उठून जाऊ कुठं?" मी म्हटलं. "दार तर त्यांचं आहे."

जोसेफने विचारलं, "तुमच्या बाजारात शेतकऱ्याला भाव पटला नाही तर तो काय करतो? तोही जातो?"

"तो कुठं जाईल? कापलेला घड घरी नेऊन काय करणार? दोन दिवसांत पिकेल."

"मग?"

मी सांगितलं. व्यापाऱ्यांनी फारच भाव पाडला की आमच्याकडे शेतकरी एक करतात. एकाच्या मालावर अन्याय झाला तरी सगळे आपापल्या गाड्यांसमोर बसतात आणि कुणीच माल लिलावाला लावत नाही. मंडी भरलेली आणि लिलाव बंद. मी व्यापारी, म्हणून मला ते लोक कधीच आवडले नाहीत. पण ते जिंकतात.

जोसेफ उठला. मग रफिकला बोलावून काहीतरी म्हणाला, आणि रफिक दालनभर पलंगापलंगाने फिरून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकी उघडली तेव्हा रांग नेहमीपेक्षा लांब होती. मला त्यांनी खिडकीसमोरच्या बाकावर बसवलं होतं, मोजा काढून, पाय दुसऱ्या बाकावर ठेवून. सिस्टरने कार्ड वर केलं.

पहिला रफिक. "कुठं दुखतं?"

रफिकने हात लांब करून माझ्या पायाकडे बोट दाखवलं. "ओखाने." म्हणजे तिकडे.

"तुझं काय दुखतं?"

"ओखाने," रफिक म्हणाला आणि गोळी न घेता बाजूला झाला.

दुसरा, तिसरा, चौथा. प्रत्येकाचं दुखणं माझ्या पायात. कुणी आपल्या भाषेत सांगितलं, कुणी नुसतं बोट दाखवलं. एक म्हातारा चिनी होता, त्याची भाषा आमच्यापैकी कुणालाच यायची नाही. तो खिडकीवर आला, वाकून स्वतःची चप्पल काढली, करंगळी हाताने धरून दाखवली, आणि मग माझ्याकडे बोट करून असा विव्हळला की पहारेकरी धावत आला. त्याच्याइतकं दहा नंबरचं तोंड त्या कार्डावरही नव्हतं.

सिस्टर आधी हसली, मग चिडली. "एकाने थट्टा केली तर समजू शकते. सगळे का?"

तेव्हा जोसेफची पाळी आली. तो शाळेत उभा राहायचा तसा उभा राहिला. "बाई, ही थट्टा नाही. माझं दुखणं त्या बाकावर बसलंय. त्याला स्वतःला दुखत नाही, कारण त्याला शुगर आहे. म्हणून त्याचं दुखणं आम्ही वाटून घेतलंय. तुम्ही बाहेर येऊन एकदा वास घ्या. मग आम्ही सगळे बरे होऊ."

सिस्टरने खिडकी बंद केली. मला वाटलं, झालं, आता सगळ्यांना माझ्यापायी शिक्षा.

मग बाजूचं दार उघडलं आणि ती बाहेर आली. काचेच्या अलीकडे ती बरीच लहान दिसत होती. तिने वाकून पाय पाहिला, मग आणखी जवळ आली, आणि तिचा चेहरा पालटला. तिने मला काही विचारलं नाही. वळून पहारेकऱ्यावर अशा आवाजात ओरडली की मला मंडीची आठवण झाली. चाकांची खुर्ची आली. गाडीपर्यंत ती खुर्ची तिने स्वतः ढकलली आणि वाटेत दोनदा "सॉरी" म्हणाली. मी "इट्स ओके" म्हटलं नाही. तेवढं मी राखून ठेवलं. पण आत शेकडो माणसं आणि खिडकीवर एकटी ती, हेही मी पाहिलं होतं. माझं भांडण तिच्याशी नाही, तिला एकटीला तिथं बसवणाऱ्यांशी आहे.

मागून दालनातून टाळ्यांचा आवाज येत होता. चिनी आजोबा एका चपलेवर नाचत होते.

पंजा की बोट

इस्पितळात माझ्या एका हाताला बेडी आणि बेडीचं दुसरं टोक पलंगाला. दारात दोन पहारेकरी. ताप इतका की मला दोन्ही पहारेकरी दोन-दोन दिसत होते. पण गादी मऊ, चादर स्वच्छ, आणि कुणीतरी माझा डावा पायही तपासत होतं, जणू तोही माझाच आहे. आत आल्यापासून मला कुणी शरीर समजून हात लावला नव्हता. नुसतं मोजलं होतं.

सर्जन बाई होत्या, साधारण आमच्या निलेशच्या वयाच्या. या वेळी मी दुभाषी मागितला. फोनमधून एका माणसाची स्वच्छ हिंदी आली आणि मला जवळजवळ रडू आलं. बाईंनी सांगितलं की हाडापर्यंत संसर्ग असू शकतो. कदाचित पुढचा अर्धा पंजा काढावा लागेल.

"बोट," मी म्हटलं.

दुभाष्याने विचारलं, "जी?"

"त्यांना सांगा, मी एक बोट देतो. पंजा नाही."

त्याने सांगितलं असावं, कारण बाई हसल्या. "मी उघडून पाहिल्याशिवाय काही कबूल करणार नाही."

"उघडून पाहा. पण माझी बोली एक बोट आहे. आणि ती करंगळी."

"दोन बोटंसुद्धा लागतील."

"एक. आणि तुम्हाला बुऱ्हाणपूरची केळी. खरी केळी. इथं मिळतात ती नव्हेत."

दारातला एक पहारेकरी तोंड फिरवून हसत होता. बाई जाताना म्हणाल्या, "तुम्ही असेच बोलत राहिलात तर भूल द्यायची गरजच पडणार नाही असं वाटतंय."

भूल उतरली तेव्हा पहिला चेहरा त्यांचाच होता. त्यांनी एक बोट वर केलं. मी डोळे मिटले आणि त्या दिवशी मला कळलं की आनंदानेही अंगात हीव भरतं.

निलेशने फोनवर हे ऐकलं आणि रडायलाच लागला. "पप्पा, ऑपरेशन टेबल पे भी मोलभाव?"

"मग काय, छापील किमतीत घेऊ?"

सुनंदा फोनवर आली. मग ती म्हणाली, "त्या रफिकला सांगा, तुमच्याकडून फोन हिसकावून घेतला ते बरं केलं." आमचं भांडण तिथं मिटलं.

इस्पितळातच एका संस्थेच्या वकीलबाई भेटायला आल्या. त्यांनी सरकारी माणसांशी माझ्या त्या कागदाची बोलणी केली. "बेकायदा नोकरी केली" हे वाक्य खोडलं गेलं आणि त्या जागी आलं की मी गोदामात मदत करताना आढळलो. मदत केली होती, मान्य आहे. मी सही केली.

घरी

बुऱ्हाणपूरला आलो तेव्हा निलेशने स्टेशनवर व्हीलचेअर आणली होती. मी तिला नाही म्हटलं, मग सुनंदाकडे पाहिलं आणि बसलो.

पुढचे महिने पट्टीचे. ऑपरेशनपेक्षा हे अवघड, कारण इथं टाळ्या वाजवायला कुणी नसतं. रोज सकाळी सुनंदा जखम धुवायची, पट्टी बांधायची, आणि त्या वेळात मी मंडीतल्या लोकांना फोनवर शिव्या द्यायचो, म्हणजे पायाकडे पाहावं लागू नये. आमच्या इथले डॉक्टर म्हणायचे, "काका, पट्टी छान चालू आहे, पण बीपी कुणामुळे वाढतंय?" चालायला सुरुवात केली तेव्हा तोल जायचा. करंगळी एवढीशी असते आणि अख्खा माणूस तिच्यावर टेकलेला असतो. शनवाऱ्यातल्या एका कारागिराने खास मऊ बूट करून दिले. मी म्हटलं, एक बोट कमी आहे, चामडं कमी लागलं असेल. तो म्हणाला, "सेठ, जबान के हिसाब से बनाया है, उसमें ज़्यादा लगा." मी मुकाट्याने बूट घातले.

माझी तक्रार चालू आहे. त्या केंद्राने पहिल्या तक्रारीला उत्तर दिलं की रुग्णाने दुखत नसल्याचं स्वतः सांगितलं होतं आणि उपचार वेळेत मिळाले. हे वाचून मी इतका ओरडलो की शेजारी धावत आले. वेळेत? उपचार त्यांनी दिले नाहीत, ते एका भांडी घासणाऱ्याने, एका मास्तराने आणि एका चिनी आजोबांनी मिळवून दिले. मला पैसे नकोत. मला एवढंच हवंय की तिथल्या खिडकीवर शुगर असलेल्या प्रत्येकाचे पाय आत येताच पाहावेत, दुखो न दुखो, आणि त्याच्या गोळ्या बॅगेत सील होऊ नयेत. वकीलबाई म्हणतात, वेळ लागेल. लागू दे. मी टिकून भाव करणारा माणूस आहे. जोसेफ आता सुटला आहे आणि तक्रारीचं इंग्रजी तोच लिहितो. मी वाईट शब्द सांगतो, तो चांगले घालतो. रफिक घरी पोचला. दर शुक्रवारी फोन करतो आणि पहिला प्रश्न एकच, "चाचा, पैर दिखाओ." मी कॅमेऱ्यासमोर पाय धरतो. बायको म्हणते, मेला नवरा फोनवर पाय दाखवतो, लोक काय म्हणतील.

जखम पूर्ण भरली असं डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तापीच्या राजघाटावर गेलो. मला पाय पाण्यात घालायचा होता. सुनंदाने साफ नाही म्हटलं. "दगडावर अनवाणी जायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय." शेवटच्या पायरीपर्यंत तिने मला बुटात नेलं, तिथं बसवलं, बूट-मोजा काढला आणि लोट्याने पायावर पाणी ओतलं. नदी शांत होती. पलीकडे जैनाबादच्या बाजूला कुणीतरी म्हशी पाण्यात उतरवत होतं. मला पाणी गार लागलं. थोडंसंच, पण लागलं, आणि मी तसं तिला सांगितलं.

ती कोरं फडकं काढून बोटांच्या मधून पुसायला लागली, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं. चौथ्या बोटापाशी थांबली, नदीकडे पाहून हात जोडले.

"काय मागितलंस?" मी विचारलं.

"मागितलं नाही. चुकतं केलं," ती म्हणाली. "तुमचा फोन मी ठेवला ना, त्या दिवशी इथंच आले होते. तापीमाईला म्हटलं, एक बोट ठेवून घे आणि माणूस परत पाठव."

"म्हणजे माझ्या बोटाचा सौदा मला न विचारता तू केलास?"

"मग काय करणार? तुमच्या त्या डॉक्टरीणबाईंच्या आधी माझी बोलणी झालेली."

"आणि एकदम एका बोटावर तयार झाली ती?"

"छे," सुनंदा म्हणाली आणि मोजा चढवायला लागली. "आधी पंजाच मागत होती. मी उठून चालू लागले, तेव्हा बोटावर आली."